पश्चिमेच्या खिडकीचं लिंटेल: कामाच्या नोंदी

27 ऑक्टोबर 2024, रविवार

दिवाळीच्या झाडलोटीत आईने पुढच्या खोलीतल्या पश्चिमेच्या खिडकीवरची जळमटं काढायला केरसुणीचा दांडा वर लावला आणि ताटाएवढा पोपडा खाली आला. खिडकीत घासून ठेवलेल्या समयांपैकी एक चेपली. आईला लागलं नाही, हे नशीब.

पोपडा हातात घेऊन बघितला. दोन सेंटिमीटर जाड सिमेंटचा थर, त्यात कोंबडीजाळी. तो जिथून निघाला तिथे लिंटेलची, म्हणजे खिडकीवरच्या भिंतीचा भार पेलणाऱ्या काँक्रीटच्या आडव्या तुळईची, सळई उघडी पडली आहे. नखाने खरवडली तर खपल्या एकावर एक सुटतात, अभ्रकाच्या पानांसारख्या, आणि बोट तपकिरी होतं.

घर 1986 चं. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, वर मंगलोरी कौलं. दारा-खिडक्यांवर मात्र त्या वेळच्या नव्या रीतीप्रमाणे काँक्रीटची लिंटेलं, पश्चिमेला लिंटेललाच जोडून दीड फुटाचा छज्जा. परड्यातल्या माडांच्या पलीकडे रत्नागिरीची भाट्याची खाडी आहे.

2011 साली एका ठेकेदाराने हेच लिंटेल दुरुस्त करून दिलं होतं. बाबांनी निवृत्तीच्या रकमेतून पैसे दिले. आज कळलं की सळईला कुणी हातही लावला नव्हता. वरून जाळी ठोकली, माल थापला, रंग मारला. तेरा वर्षं आम्ही त्या रंगाकडे बघून निर्धास्त राहिलो. फार राग आला आहे. या वेळी तळापर्यंत जायचं आणि केलेलं सगळं लिहून ठेवायचं.

29 ऑक्टोबर

धनत्रयोदशी असूनही मिस्त्री तासभर येऊन गेले. मी शाळेत शिकवते, त्यांचा मुलगा माझ्याच वर्गात आहे. छोटी हातोडी घेऊन त्यांनी लिंटेल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजवत नेलं. डावीकडे खणखणीत आवाज. मधोमध आल्यावर बद्द, रिकाम्या डब्यासारखा.

"बाई, हे आतून सुटलंय. हात लावायच्या आधी टेकू द्या."

लगेच दिले. खोलीत दोन लोखंडी प्रॉप, बाहेर छज्जाखाली दोन, चारही पायांखाली आडवी फळी. लिंटेलपेक्षा मला छज्जाची धास्ती होती. तो भिंतीबाहेर लोंबतो, त्याला मागे धरून ठेवतो तो लिंटेलवरच्या चिऱ्यांचा भार. शिवाय त्याची मुख्य सळई वरच्या अंगाला असते, खालून दिसतच नाही. खालून धडधाकट दिसणारा छज्जा वरची सळई गंजली की एकाएकी खाली येऊ शकतो. अंगणातल्या त्या भागाला दोरी बांधून टाकली. यंदा रांगोळी तुळशीपाशी.

खिडकीच्या उजव्या कोपऱ्यातून भिंतीत पायऱ्यापायऱ्यांनी वर जाणारी भेग आहे. तिच्यावर प्रयोगशाळेतली एक काचपट्टी दोन्ही बाजूंना सिमेंटने आडवी चिकटवली, बाजूला पेन्सिलने तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकेल.

3 नोव्हेंबर, भाऊबीज

दादा ठाण्याहून आला. ओवाळणी झाल्यावर खिडकीखालीच बसलो. एक जुनी गोष्ट त्याच्या लक्षात आली. या खिडकीची झडपं लागेनाशी झाली म्हणून सुताराकडून दोनदा रंधा मारून घेतला होता, एकदा तो कॉलेजात असताना आणि एकदा नंतर. पावसात लाकूड फुगतं असं समजून आम्ही झडपा तासत राहिलो. आज चौकटीच्या वरच्या लाकडाला पट्टी लावली तर ते मधोमध बोटभर खाली वाकलेलं.

लोखंड गंजलं की त्याच्या गंजाला मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा लागते. आत जागा नसते म्हणून तो काँक्रीटला फोडून बाहेर ढकलतो. खालचा थर सुटून चौकटीवर बसला, चौकट वाकली, झडप घासायला लागली. दुखणं त्या वेळीच कळत होतं, आम्ही रंधा मारला. ज्यांच्या घरी खिडकी किंवा दार वरच्या कडेला अडतंय त्यांनी सुताराला बोलावण्याआधी हातोडी घेऊन लिंटेल वाजवून बघावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

9 नोव्हेंबर, शनिवार

सुट्टी संपायच्या आत परीक्षा करून घेतल्या. साहित्य शाळेच्या प्रयोगशाळेतलं, मुख्याध्यापकांना विचारून आणलेलं.

पहिली फिनॉल्फथॅलीनची. मिस्त्रींनी छन्नीने लिंटेलचा ताजा तुकडा उडवला, तिथे मी लगेच दोन-चार थेंब सोडले. काँक्रीट निरोगी असेल तर ते चांगलंच अल्कधर्मी असतं आणि रंग गुलाबी येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरून ते थकलं असेल तर रंग येतच नाही. कडेची जेमतेम आठ मिलिमीटर पट्टी कोरी राहिली, आतलं सगळं जास्वंदीसारखं गुलाबी. सळईभोवतीसुद्धा.

म्हणजे सळईभोवतीचं काँक्रीट अल्कधर्मी आहे, लोखंडावर संरक्षक पापुद्रा टिकायला हवा, तरी लोखंड गंजलंय. मग संशय एकाच गोष्टीवर: मीठ.

दुसरी परीक्षा त्यासाठीच. ड्रिलने पृष्ठभागापासून एक, तीन आणि सहा सेंटिमीटर खोलीवरची भुकटी वेगवेगळ्या पुड्यांत घेतली. प्रत्येक भुकटी ऊर्ध्वपातित पाण्यात ढवळली, गाळली, नायट्रिक आम्लाचे थेंब घातले आणि मग सिल्व्हर नायट्रेट. पहिल्या परीक्षानळीत थेंब पडताच दह्यासारखा पांढरा अवक्षेप. दुसरीत तसाच. तिसरीतही तसाच. पडताळ्यासाठी शेजारच्या नव्या कुंपणाच्या खांबाची भुकटी घेतली होती, ती नळी जवळजवळ स्वच्छ राहिली.

तिन्ही नळ्या खिडकीतल्या उजेडात ओळीने धरून मी बराच वेळ बघत राहिले. खारा वारा बाहेरून आत शिरला असता तर वरच्या थरात मीठ जास्त आणि आत कमी सापडलं असतं. इथे सगळीकडे सारखं आहे. मीठ मालातच कालवलेलं होतं.

आईला विचारलं. ती म्हणाली, "वाळू होडीतून खाडीतलीच आणली होती. लोक एक पावसाळा ढीग भिजू द्यायचे, मग वापरायचे. आपल्याला पाऊस लागायच्या आत घर उभं करायचं होतं."

10 नोव्हेंबर

दादाचे सासरे पाहायला आले. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. आयुष्यभर बांधकाम खात्यात इंजिनिअर होते. त्यांनी वायर ब्रशने सळई चकचकीत होईपर्यंत घासली आणि माझ्याकडचा व्हर्निअर, म्हणजे बारीक जाडी मोजायचं साधन, मागितला. मूळची सळई दहा मिलिमीटरची, तोर म्हणतात ती पीळ दिलेली. सर्वात बारीक जागी भरली सात.

"तीनच मिलिमीटर गेले की," दादा फोनवर म्हणाला. पण सळईची ताकद तिच्या छेदाच्या क्षेत्रफळावर असते. सातचा वर्ग 49, दहाचा वर्ग 100. निम्म्याहून जास्त लोखंड गेलं आहे.

तात्यांनी सांगितलं की नेहमीची दुरुस्ती म्हणजे सुटलेलं काँक्रीट काढायचं, सळईच्या मागेसुद्धा बोट फिरेल इतकं खणायचं, सळई साफ करायची, लागेल तिथे जोडसळई द्यायची आणि पॉलिमरचा, म्हणजे चिकट रसायन मिसळलेला सिमेंटचा, माल भरायचा. पण या लिंटेलला ते नको, कारण मीठ सगळीकडे आहे. भरलेल्या नव्या मालातला सळईचा भाग सुरक्षित होतो, त्याला लागून जुन्या खाऱ्या काँक्रीटमधला भाग मात्र आणखी वेगाने गंजायला लागतो. नववीच्या मुलांना मी विद्युतघट शिकवते, अगदी तोच प्रकार: एकाच सळईवर एक धनाग्र, एक ऋणाग्र, मध्ये ओलसर खारं काँक्रीट. दोन-चार वर्षांत ठिगळाच्या कडेला नवी भेग पडणार.

ठरलं. हे लिंटेल काढायचं, नवं बसवायचं.

आणि नवं आधी अंगणात ओतून पक्कं करायचं, मगच जुनं फोडायचं. म्हणजे भिंत टेकूंवर तोलून धरायचे दिवस कमी होतील. सूचना मिस्त्रींची, तात्यांना एकदम पटली.

16 नोव्हेंबर

सळया बांधल्या. खिडकी चार फुटी, दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच टेकण, म्हणून लांबी 1.6 मीटर. रुंदी भिंतीएवढी, 230 मिलिमीटर. जाडी 200. खाली 12 मिलिमीटरच्या दोन सळया, वर 10 च्या दोन, 8 ची रिंग दर 150 वर.

कव्हरवर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर किती जाड ठेवायचा यावर, थोडा वाद झाला. मिस्त्री एक इंच म्हणत होते, सगळीकडे तेवढंच ठेवतात. किनाऱ्यावरच्या बांधकामाला आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात 45 मिलिमीटर कव्हर आणि एम 30 या ताकदीच्या प्रतीचं काँक्रीट सांगितलं आहे. जुन्या लिंटेलमध्ये मी मोजलं ते 12 मिलिमीटर होतं, सळईखाली खडीचा तुकडा सरकवून ठेवलेलं. तो तुकडा मिस्त्रींच्या हातावर ठेवला. त्यांनी काही न बोलता 45 चे कव्हर ब्लॉक बांधायला घेतले.

17 नोव्हेंबर, रविवार

आज ओतलं. सकाळी एक मोठी चूक होता होता राहिली. गडी विहिरीवरून पाण्याचे डबे भरून आणत होता. आमच्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, आत्ता चवीला गोड लागतं. तरी परीक्षानळीत घेऊन सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. दूध पडल्यासारखं झालं. सळईच्या काँक्रीटसाठी लिटरमागे 500 मिलिग्रॅम क्लोराइड ही पाण्याची मर्यादा. हे तिच्या वर की खाली ते माझ्या थेंबाला सांगता येत नाही, पण मिठापायी एक लिंटेल गेल्यावर दुसऱ्यात जाणूनबुजून मीठ घालायचं नव्हतं. डबे माडांच्या आळ्यात ओतले आणि नळाचं पाणी घेतलं. त्या नळीत अगदी हलकी धूसर छटा आली, तेवढीच.

स्लॅग सिमेंट (लोखंडाच्या भट्टीतली मळी मिसळलेलं) 30 किलो, क्रश सँड म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, दोन मापांची खडी, आणि कमी पाण्यात माल सैल ठेवणारा, क्लोराइड नसलेला प्लॅस्टिसायझर. पाणी साडेतेरा लिटर, त्याच्या वर एक तांब्या नाही. बादलीवर रेघ मारून मी स्वतः उभी राहिले. माल घट्ट दिसला की गड्याचा हात आपोआप पाण्याकडे जातो. त्याला सांगितलं, जास्तीचं पाणी सुकून गेलं की तिथे बारीक वाटा उरतात आणि खारी ओल त्याच वाटांनी सळईपर्यंत जाते. फळ्यांवर लाकडी हातोडी मारत आणि सळईने ठासत चांगला अर्धा तास घेतला.

वरच्या अंगावर, माल ओला असतानाच, खिळ्याने "वर" असं कोरलं. खालची सळई जाड, वरची बारीक, उलटं बसलं तर घात. रंगाने लिहिलेलं पुसलं जातं.

19 आणि 20 नोव्हेंबर

विधानसभेच्या मतदानाची ड्युटी. दोन दिवस घरी नाही. लिंटेलवर दोन गोणपाटं टाकून गेले होते. आईने दर तीन तासांनी पाणी मारलं, रात्री दहाला शेवटचं. स्लॅग सिमेंटला ओल जास्त दिवस लागते. परत आले तेव्हा गोणपाटाखाली हात घातला. गार आणि ओलं.

1 डिसेंबर

चौदा दिवस झाले, पाणी बंद. भेगेवरची काचपट्टी शाबूत.

8 डिसेंबर, रविवार

सकाळी सात ते संध्याकाळी साडेसहा. मिस्त्री, तीन गडी, तात्या खुर्चीत.

आधी छज्जा. खालचे टेकू तसेच ठेवून बाहेरच्या कडेकडून भिंतीकडे, वीतभर तुकडे करत कापत आणला. हिशोबाने त्याचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास होतं. एकदम पाडला असता तर मागचे चिरे उचकटले असते.

मग भिंतीचा भार तोलायचा. लिंटेलच्या वरचा एक थर सोडून त्याच्या वरच्या थरातले दोन चिरे, दोन फुटांच्या अंतराने, काढले. त्या भोकांतून चार इंची लोखंडी चॅनेल आरपार घातले आणि प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना, आत एक आणि बाहेर एक, प्रॉप देऊन वर पाचरी ठोकल्या. पाचर किती ठोकायची ते मिस्त्री कानाने ठरवत होते. लाकडाचा आवाज बारीक झाला की थांबायचं, आणखी मारली तर भिंतच उचलली जाते. खिडकीवरच्या चिऱ्यांचा त्रिकोण तेवढा लिंटेलवर येतो, बाकीचा भार कमानीसारखा बाजूंना उतरतो. त्रिकोण 45 अंशाचा धरला तर 165 किलो, 60 चा धरला तर पावणेतीनशेच्या पुढे. पण उजवीकडे भिंतीचा कोपरा जवळ आहे, कमानीला टेकायला जागा कमी, म्हणून तात्यांनी तिकडे एक जादा टेकू लावायला लावला.

दुपारी बारापर्यंत जुनं लिंटेल निघालं. उजवीकडे ते भिंतीवर टेकलं होतं जेमतेम तीन इंच. पायऱ्यांची भेग त्याच कोपऱ्यातून का निघाली ते कळलं. सळया मी बाजूला ठेवल्या आहेत, वर्गात दाखवायला. एक तर मधोमध हाताने वाकवता येते.

उजव्या टेकणाचा चिरा ठिसूळ झाला होता. तो काढून तिथे काँक्रीटचा ठोकळा बसवायला लागला. ठोकळा आधीच ओतलेला नव्हता. तात्यांनी परवाच सांगितलं होतं की जुन्या घरात टेकणासाठी दोन ठोकळे तयार ठेवावेत, ते माझ्याकडून राहून गेलं. नेहमीच्या मापाचा एक ठोकळा मिस्त्रींच्या दुसऱ्या कामावरून आणला, त्यात दीड तास गेला.

नवं लिंटेल 185 किलोच्या आत-बाहेर. चेनपुलीने परांचीवर घेतलं, तिथून चौघांनी सरकवलं. "वर" हे अक्षर आकाशाकडे आहे ना, हे मी दोनदा बघितलं. एक भाग सिमेंट, चार भाग वाळू अशा मालाच्या बिछान्यावर ते बसलं. लिंटेल आणि वरचे चिरे यांच्यातल्या फटीत जेमतेम ओला, मुठीत वळेल इतकाच माल, दोन्ही बाजूंनी लाकडी पट्टीने ठासत भरला. ही फट नीट भरली नाही तर टेकू काढताक्षणी वरची भिंत तेवढी खाली बसते. अंधार पडेपर्यंत मिस्त्री हेच करत होते. मी बॅटरी धरून उभी होते.

15 डिसेंबर

सात दिवसांनी पाचरी सैल केल्या, एकेक, मध्ये दहा-दहा मिनिटं थांबत. काचपट्टी तडकली नाही. चॅनेल काढले, भोकांत चिरे बसवले.

21 आणि 22 डिसेंबर

स्वयंपाकघराची खिडकी. तिकडे लिंटेलखाली फूटभर बारीक भेग, बद्द आवाज फक्त वीतभर. भुकटी तपासली तर मीठ तेवढंच. फरक पाण्याचा: ही खिडकी पूर्वेची, पश्चिमेच्या पावसाचा मारा तिला लागत नाही. व्हर्निअरवर सळई साडेनऊ.

म्हणून हे लिंटेल ठेवायचं ठरलं. टेकू दिले, बद्द वाजणाऱ्या जागेच्या पुढे दोन्हीकडे निरोगी, स्वच्छ सळई दिसेपर्यंत खणलं. ठिगळाच्या दोन्ही टोकांना जस्ताचे अॅनोड बांधले, पुण्याहून मागवलेले, बिस्किटाएवढे. सळईच्या आधी जस्त झिजतं, सळई वाचते. तार बांधायची तिथे सळई आरशासारखी घासली, नाहीतर प्रवाहच जोडला जात नाही. मग पॉलिमरचा माल, दर वेळी बोटाच्या पेराहून कमी जाडीचा थर. हे कायमचं नाही याची मला कल्पना आहे. जस्त संपलं की पुन्हा बघावं लागेल.

26 जानेवारी 2025

झेंडावंदन करून आले. सुतार आणि मिस्त्री दोघे हजर.

पश्चिमेच्या खिडकीवर काँक्रीटचा छज्जा पुन्हा केला नाही. सागवानी ब्रॅकेटवर कौलांचं छोटं पाखं बसवलं, लिंटेलपासून वेगळं. कौल फुटलं तर बदलता येतं, ब्रॅकेट कुजला तर उतरवता येतो, आणि लिंटेलला बाहेर ओढणारं काही राहत नाही. लिंटेलच्या बाहेरच्या खालच्या कडेला बोटभर आत एक खाच ठेवली आहे. पाणी त्या खाचेपाशी येऊन ठिबकतं, मागे चौकटीकडे जात नाही. जुन्या लिंटेलला ती नव्हती.

आई म्हणाली, तिच्या माहेरी मृगाच्या आधी पश्चिमेच्या भिंतींना माडाची झापं बांधायचे. यंदा आपणही बांधू.

चौकटीचं वाकलेलं लाकूड बदललं. झडपा जुन्याच, रंधा मारून कमी झालेल्या, म्हणून सुताराने वरच्या कडेला सागाची पट्टी जोडली.

27 मे 2025

पाऊस या वेळी फार लवकर आला, परवा 25 तारखेला तळकोकणात पोचलासुद्धा. झापं अर्धीच बांधून झाली होती. काल रात्रभर पश्चिमेचा सपकारा होता. ब्राह्ममुहूर्तालाच उठून बॅटरी घेऊन खिडकीपाशी गेले.

खाचेच्या कडेला थेंबांची ओळ लागली होती, एकेक सुटून बाहेर पडत होता. चौकटीच्या वरच्या लाकडावर हात फिरवला, कोरडं. काचपट्टी शाबूत, तिच्या बाजूची 29 ऑक्टोबरची तारीख जरा पुसट झाली आहे, ती पुन्हा गिरवली. हातोडीने स्वयंपाकघरातलं ठिगळ आणि त्याच्या दोन्ही कडा वाजवल्या, सगळीकडे खणखणीत. आवाजाने आई उठली.

"एवढ्या पहाटे काय ठोकतेस?"

"काही नाही. झोप तू."

खिडकी ओढून घेतली. लागली.